जठरातला जंतू आणि पित्ताशयातले खडे

पित्ताशयात खडे झालेल्या माणसाच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. जगातल्या साधारण निम्म्या लोकांच्या जठरात तो ठाण मांडून असतो. भारतात तर त्याचे प्रमाण निम्म्याच्याही वर जाते. पित्ताचे खडेही काही दुर्मीळ नाहीत. इतक्या सर्रास आढळणाऱ्या दोन गोष्टी एकाच शरीरात योगायोगानेही एकत्र येणारच. मात्र निरनिराळ्या देशांत झालेल्या काही पाहण्यांत हा योग अपेक्षेपेक्षा जास्त वेळा जुळून आला, आणि जठरातला हा जंतू पित्ताशयात खडे व्हायला हातभार लावतो का, असा प्रश्न उभा राहिला.

हा प्रश्न हसण्यावारी नेला गेला नाही, याचे कारण या जंतूच्या इतिहासात आहे. जठरातल्या तीव्र आम्लात कोणताही जंतू टिकत नाही, असे वैद्यकशास्त्र कित्येक दशके मानत होते. अल्सरचा दोष काळजी, तिखट आणि वाढलेले आम्ल यांच्या माथी मारला जाई. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन या विकृतितज्ज्ञाला जठराच्या अस्तराच्या नमुन्यांत वळसेदार जंतू वारंवार दिसू लागले. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरला सोबत घेऊन त्याने ते प्रयोगशाळेत वाढवण्याचा प्रयत्न केला, पण यश येईना. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे तबकड्या नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीत राहिल्या आणि जंतूंच्या वसाहती प्रथमच उगवून आल्या. हा जंतू सावकाश वाढणारा होता, आणि तोवरच्या तबकड्या त्याला पुरेसा वेळ न देताच फेकल्या जात होत्या. तरीही जंतूमुळे आजार होतो, यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते. तेव्हा १९८४ मध्ये मार्शलने जंतूंचे द्रावण स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांत त्याला उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठराला सूज आल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जंतूला कर्करोगास कारण ठरणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले, आणि २००५ मध्ये वॉरेन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढा मोठा समज उलटल्यावर या जंतूचा शोध शरीरात सगळीकडे सुरू झाला. हृदयविकार, अर्धशिशी, त्वचेचे आजार अशा अनेक दुखण्यांशी त्याचे नाव जोडले गेले. त्यांतले बरेचसे दावे पुढच्या तपासात टिकले नाहीत. काही टिकले: लोहाच्या कमतरतेने होणारा, दुसरे कारण न सापडणारा पांडुरोग आणि रक्तातल्या बिंबाणूंची संख्या घटवणारा एक आजार यांत या जंतूची तपासणी करावी, असे आज उपचाराच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले असते. पित्ताच्या खड्यांचा दावा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. तो पारखायचा तर आधी खडा कसा तयार होतो, ते पाहावे लागते.

यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. जेवणाच्या अधल्यामधल्या वेळात त्यातला काही भाग यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या पित्ताशयात साठतो. ही पिशवी लहान, जेमतेम तीस ते पन्नास मिलिलिटर मावेल एवढी. पण ती पित्तातले पाणी शोषून घेऊन त्याला बरेच दाट करते. तेलकट-तुपकट अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोहोचले की तिथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक रक्तात सुटते, पित्ताशय आकुंचन पावते आणि दाट पित्त आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करते. पित्तातले कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला विरघळत्या स्थितीत धरून ठेवतात. कोलेस्टेरॉल त्यांच्या आवाक्याबाहेर गेले की साखर जास्त झालेला पाक निवल्यावर तळाशी दाणे धरतो, तसे पित्तात कोलेस्टेरॉलचे स्फटिक धरू लागतात. या तिघांचे प्रमाण कुठवर सुरक्षित आणि कुठून पुढे धोक्याचे, हे विल्यम ॲडमिरँड आणि डोनाल्ड स्मॉल या अमेरिकी संशोधकांनी १९६८ मध्ये एका त्रिकोणी आलेखावर मांडून दाखवले. तो आलेख आजही पाठ्यपुस्तकांत असतो.

पण नुसते प्रमाण बिघडून भागत नाही. प्रमाण बिघडलेल्या सगळ्यांनाच खडे होत नाहीत. स्फटिक धरायला काहीतरी बीज लागते, त्यांना एकत्र चिकटवणारा चिकट पदार्थ लागतो आणि ते बाहेर फेकले जाण्याआधी पित्त बराच वेळ साचून राहावे लागते. चिकट पदार्थाचे काम पित्ताशयाच्या अस्तरातून पाझरणारा म्युसिन करतो. पित्त साचते ते पित्ताशय मंदावल्यामुळे: गरोदरपणात, लांबलेल्या उपासात, झपाट्याने वजन उतरवताना. जंतूंचा संबंध येऊ शकतो तो याच तीन जागी.

सगळे खडे कोलेस्टेरॉलचे नसतात. काळे खडे बिलिरुबिन या रंगद्रव्याचे असतात आणि तांबड्या रक्तपेशी वाजवीपेक्षा जास्त फुटत राहिल्या की होतात. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलच्या रुग्णांना कोवळ्या वयात पित्ताचे खडे होतात, ते या प्रकारचे. तिसरा प्रकार तपकिरी, मऊसर खड्यांचा. हे बहुधा पित्तनलिकेतच तयार होतात आणि पूर्व आशियात जास्त आढळतात. त्यांच्याबाबत जंतूंचा दोष निःसंशय सिद्ध झालेला आहे. आतड्यातले ई. कोलायसारखे जंतू पित्तनलिकेत शिरले की त्यांच्यातले एक विकर बिलिरुबिनला विरघळत ठेवणारा साखरेचा अंश तोडते. मोकळे झालेले बिलिरुबिन कॅल्शियमशी जुळून गाळ बनून खाली बसते. जपानी शल्यचिकित्सक माकी यांनी १९६६ मध्ये ही प्रक्रिया मांडली. म्हणजे ‘जंतूंमुळे खडा होऊ शकतो का’ या प्रश्नाला एक उत्तर आधीच मिळालेले आहे, आणि ते ‘हो’ असे आहे. वाद आहे तो कोलेस्टेरॉलच्या खड्यांबद्दल. जगातले बहुसंख्य रुग्ण त्यांचेच, आणि उत्तर भारतातलेही.

कोलेस्टेरॉलच्या खड्यामागेही जंतूच असावा, ही कल्पना तशी जुनी. बर्नहार्ड नाउनिन या जर्मन वैद्याने १८९२ मधल्या आपल्या ग्रंथात पित्ताशयाच्या अस्तराला जंतूंमुळे येणारी सूज हे खड्यांचे मूळ मानले होते. पुढे रसायनशास्त्राने बाजी मारली आणि ही कल्पना मागे पडली. कोलेस्टेरॉलच्या खड्यातून जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हते, हेही एक कारण होते. १९९५ मध्ये बर्लिनमधल्या संशोधकांनी जंतू वाढवण्याच्या फंदात न पडता खड्याच्या गाभ्यात त्यांचा डीएनए शोधला आणि बहुतेक खड्यांत तो मिळाला. जिवंत जंतू कधीच मरून गेलेले, पण त्यांची खूण आत अडकून राहिलेली. जुन्या कल्पनेला यामुळे पुन्हा जीव आला.

हेलिकोबॅक्टरचा धागा चिलीत सापडला. पित्ताशयाचा कर्करोग जगात सर्वांत जास्त आढळणाऱ्या देशांपैकी चिली हा एक, आणि तिथल्या मूळ रहिवासी मापुचे समाजात पित्ताचे खडे फार. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतले पशुवैद्यक-संशोधक जेम्स फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्ताशयाच्या जुनाट सुजेसाठी शस्त्रक्रिया झालेल्या चिलीतल्या रुग्णांचे पित्त आणि पित्ताशयाच्या ऊती तपासल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निम्म्याहून अधिक पित्तनमुन्यांत हेलिकोबॅक्टर कुळाचा डीएनए सापडला. मात्र त्यात जठरातला पायलोरी नव्हता. होते ते त्याचे भाऊबंद: हेलिकोबॅक्टर बायलिस, हेलिकोबॅक्टर पुलोरम आणि तशाच जाती, ज्या एरवी उंदीर, कोंबड्या अशा प्राण्यांच्या आतड्यात आणि यकृतात राहतात. सगळ्या वादात हा तपशील सर्वांत मोलाचा आहे, आणि सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या बातम्यांत नेमका तोच गाळला जातो.

पुढचा प्रयोग उंदरांवर झाला, आणि अशा अभ्यासांत क्वचित दिसते इतके स्पष्ट उत्तर त्यातून मिळाले. सी५७एल या जातीच्या उंदरांना भरपूर चरबी, कोलेस्टेरॉल आणि पित्ताम्ल घातलेला आहार दिला की त्यांना पित्ताचे खडे होतात. फॉक्स यांचा गट आणि हार्वर्डमधले पित्ततज्ज्ञ मार्टिन केरी यांच्या सहकार्याने कर्क मॉरर यांनी असे उंदीर हेलिकोबॅक्टर-रहित वातावरणात वाढवले आणि त्यांना तोच आहार दिला. आठ आठवड्यांनी जेमतेम दहा टक्के उंदरांना खडे झाले. त्याच आहारावरच्या, पण बायलिसची लागण केलेल्या किंवा हेपॅटिकस आणि रोडेन्टियम या दोन जातींची एकत्र लागण केलेल्या उंदरांत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या आहाराने खडे होतात असे वर्षानुवर्षे मानले जात होते, त्या आहाराला लागणीची जोड मिळाल्याशिवाय फारसे काही होत नव्हते.

मग त्याच गटाने तोच प्रयोग जठरातला पायलोरी वापरून केला. त्याने उंदरांच्या जठराला सूज आणली, पण पित्तखड्यांचे प्रमाण वाढवले नाही. याचा उलगडा जंतूंच्या राहणीत आहे. पायलोरी आम्लात तगतो, कारण त्याच्याकडचे युरिएज हे विकर युरियापासून अमोनिया बनवते आणि त्या अमोनियाने जंतूच्या भोवतीचे आम्ल निष्प्रभ होते. पित्तक्षारांपुढे मात्र त्याचे फारसे चालत नाही. ते त्याची वाढ रोखतात. बायलिस आणि हेपॅटिकस पित्त सहन करू शकतात, म्हणूनच ते यकृताच्या आसपास वस्ती करू शकतात. पित्ताशयात जाऊन राहण्याची कुवत कुणाकडे आहे, असे विचारले तर बोट या भाऊबंदांकडेच जाते.

तरीही माणसांवरच्या पाहण्या पायलोरीला निर्दोष सोडत नाहीत. २०१४ मध्ये जपानमधल्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या पंधरा हजारांवर लोकांच्या अभ्यासात, आणि पुढच्याच वर्षी चीनमधल्या सुमारे दहा हजार लोकांच्या अभ्यासात, जठरात पायलोरी असलेल्यांत पित्ताचे खडे अधिक आढळले. काही लहान अभ्यासांत असा संबंध दिसलाही नाही. अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणांतून सरासरी धोका वाढलेला दिसतो, पण थोडासाच.

अशा पाहण्यांत फसगत होण्याच्या जागा बऱ्याच आहेत. वय वाढते तसे दोन्ही गोष्टींचे प्रमाण वाढते. पायलोरीची लागण बहुधा लहानपणी, दाटीवाटीच्या घरात, अस्वच्छ पाण्यातून किंवा घरातल्याच माणसाकडून होते. आणि ज्या परिस्थितीत ती होते, त्याच परिस्थितीत आतड्यातून येणारे इतर जंतूही शरीरात शिरतात. तेव्हा पायलोरी हा खरा अपराधी असण्याऐवजी तशा परिस्थितीची खूण असू शकतो. शिवाय जपान-चीनसारख्या पाहण्या एकाच वेळी घेतलेल्या असतात; आधी लागण झाली की आधी खडा, हे त्यांतून कळत नाही. पित्तात पायलोरीचा डीएनए सापडल्याच्या बातम्यांनाही मर्यादा आहेत. डीएनएचा तुकडा सापडणे म्हणजे तिथे जिवंत जंतूची वस्ती असणे नव्हे. तो तुकडा लहान आतड्यातून वर आलेला असू शकतो, किंवा जवळच्या जातीचा असूनही चाचणी त्याला पायलोरी ठरवू शकते. पित्तातून जिवंत पायलोरी वाढवून दाखवणे फार क्वचित जमले आहे.

भारतातला एक जुना नकाशा इथे विचारात घ्यायला हवा. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६० च्या दशकात देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या आजारांच्या नोंदी पाहिल्या. काम सारखे, पगार सारखे, दवाखान्याची सोय सारखी, त्यामुळे प्रांतागणिक तुलना करायला हा वर्ग उत्तम. पेप्टिक अल्सर दक्षिणेत आणि पूर्वेत जास्त आणि पंजाबच्या बाजूला कमी आढळला. पित्ताचे खडे नेमके उलट, उत्तरेत दक्षिणेच्या सातपट. मल्होत्रा यांनी याचे कारण आहारात शोधले. पायलोरीचे नाव त्या वेळी कुणाला ठाऊकच नव्हते. आज हे आकडे वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. पायलोरीची लागण उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे मोठ्या प्रमाणात आहे. पित्ताचे खडे मुख्यतः त्याच्यामुळे होत असते तर दोन प्रदेशांतला इतका फरक समजावणे कठीण गेले असते. उत्तरेतल्या खड्यांत कोलेस्टेरॉल जास्त आणि दक्षिणेतल्या खड्यांत रंगद्रव्य जास्त, असे पुढच्या अभ्यासांत दिसले. आहार, अनुवंशिकता, वजन यांचे पारडे त्यामुळे अजूनच जड होते.

जंतूंचा हातभार लागत असेल तर तो कसा, याबद्दल प्रयोगशाळेतल्या कामातून तीन-चार मार्ग पुढे आले आहेत. युरिएज असलेले हेलिकोबॅक्टर भोवतीचा द्रव कमी आम्लधर्मी करून कॅल्शियमचा साका खाली बसवू शकतात, आणि असा साका स्फटिकांचे बीज ठरू शकतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००६ मध्ये हे परीक्षानळीत दाखवले. दुसरा मार्ग सुजेचा. अस्तराला सूज आली की म्युसिन जास्त पाझरतो आणि पित्ताशयाचे आकुंचन मंदावते. उंदरांत तर शरीराच्या प्रतिकारशक्तीचा यात थेट सहभाग दिसला: टी पेशी नसलेल्या उंदरांना त्याच आहारावर खडे फारसे झाले नाहीत, आणि त्या पेशी बाहेरून दिल्यावर ते होऊ लागले. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटाने २०१९ मध्ये आणखी एक दुवा जोडला. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू पकडण्यासाठी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर टाकतात. पित्ताशयातले बारीक स्फटिक या जाळ्यात गुंततात, एकमेकांना चिकटतात आणि खडा वाढत जातो. म्हणजे जंतू स्वतः खड्यात न बसताही, त्याला हुसकावण्याच्या धडपडीतून खड्याचा पाया पडू शकतो. जठरात बसलेला पायलोरी दुरून काही करत असलाच तर बहुधा याच मार्गाने, शरीरभर जाणवणाऱ्या मंद सुजेतून.

खडा आणि जंतू यांचे नाते उलट दिशेनेही चालते, आणि भारतासाठी ते अधिक महत्त्वाचे आहे. विषमज्वराचा जंतू, सॅल्मोनेला टायफी, कोलेस्टेरॉलच्या खड्यावर चिकट थर करून राहतो. या थराच्या आत प्रतिजैविक पोहोचत नाही. ताप जातो, रुग्ण बरा होतो, पण त्यांतले काही जण वर्षानुवर्षे विष्ठेवाटे जंतू बाहेर टाकत राहतात. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच वाहक होती. स्वतः ठणठणीत असूनही तिच्या हातचे खाणाऱ्या घरांत विषमज्वर पसरत गेला. पित्ताशय काढून टाकण्यास तिने नकार दिला आणि १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंतचा बहुतेक काळ तिला एका बेटावर विलग राहावे लागले. असे वाहकपण पित्ताशयाच्या कर्करोगाशीही जोडले गेले आहे. गंगेच्या खोऱ्यात हा कर्करोग इतका का आढळतो, याच्या शोधात खडे आणि विषमज्वर ही दोन कारणे म्हणूनच पुन्हा पुन्हा समोर येतात.

रुग्णाच्या दृष्टीने आजची स्थिती अशी आहे. पित्ताचे खडे टाळण्यासाठी किंवा विरघळवण्यासाठी पायलोरीवर औषध घ्यावे, असे कोणतेही मान्य मार्गदर्शक तत्त्व सांगत नाही. झालेला खडा या औषधांनी जात नाही. पायलोरीवरचा उपचार मुख्यतः जठराच्या कारणासाठी करायचा असतो: अल्सर, जठराची जुनी सूज, घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास. निदान श्वासाच्या चाचणीने, शौचाच्या तपासणीने किंवा दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यावरून होते. आम्ल कमी करणारे औषध आणि दोन-तीन प्रतिजैविके साधारण चौदा दिवस घ्यावी लागतात. भारतात मेट्रोनिडेझोलला हा जंतू मोठ्या प्रमाणात दाद देत नाही. त्यामुळे औषधांची निवड डॉक्टरांवर सोडणे आणि गोळ्या मध्येच बंद न करणे, या दोन गोष्टींवर बरेच अवलंबून असते. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून जंतू गेल्याची खात्री करतात.

दोन्ही आजार एकाच माणसात असले की दुखणे नेमके कशाचे, हे ओळखणे अवघड होते, आणि व्यवहारात गोंधळ होतो तो इथेच. जठराची जळजळ बहुधा बेंबीच्या वर मध्यभागी असते आणि जेवणाच्या वेळांनुसार कमी-जास्त होते. पित्ताच्या खड्याची कळ उजव्या बरगडीखाली किंवा मध्यभागी अचानक उठते, अर्ध्या तासापासून काही तास टिकते, पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाते आणि अनेकदा जड जेवणानंतर रात्री येते. सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून प्रत्येक पोटदुखी त्यांच्या खात्यावर टाकली गेली की शस्त्रक्रियेनंतरही दुखणे तसेच राहते, आणि मग जठराची तपासणी होते. ती आधी झाली असती तर बरे, असे अशा रुग्णांबाबत म्हणावे लागते. ज्यांना खड्यांचा काहीच त्रास नाही, अशांपैकी बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. वर्षाला शंभरातल्या एक-दोघांनाच पुढे त्रास सुरू होतो. त्रास देणाऱ्या खड्यांवर मात्र पित्ताशय काढणे हाच पक्का उपाय आहे. दुर्बिणीतून होणारी ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये केली, आणि आज ती जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनाशा झाल्या, तर खडा पित्तनलिकेत अडकल्याची किंवा स्वादुपिंडाला सूज आल्याची शक्यता असते; अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.